मागे दिलेला चेंडू

ट्राममध्ये ती मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बसा ना."

तुदोरेल कारामानने सवयीने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी काका नव्हते. मागे ट्रामचं बंद दार होतं, दाराच्या काचेत त्याचाच चेहरा होता, आणि त्या चेहऱ्याच्या आरपार डॅन्यूबकाठच्या ब्राइला शहराची मोहरलेली झाडं एकामागून एक पळत होती. म्हणजे काका आपणच. मुलगी बारा-तेरा वर्षांची, खांद्याला पोहायची पिशवी, तोंडावर आजीबाईंचा शहाणपणा. चिखलाला निघालात ना, तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगूनही टाकलं, की तिची आजी पण जाते, आधी तिला जिना उतरता यायचा नाही, आता बाजारात जाऊन भांडून परत येते. गुडघे सुटतात, फक्त धीर धरायचा. तिच्या डोळ्यांत चेष्टेचा लवलेशही नव्हता, तेच तर वाईट. आणि मग जे झालं त्याचा उलगडा त्याला दिवसभर झाला नाही. तो बसला. डोक्याने काही ठरवायच्या आत शरीर बसलं, गुडघ्यांनी सुस्कारा टाकला, तिच्या अंगाची ऊब असलेली ती प्लास्टिकची सीट त्याने मुकाट्याने घेतली, आणि वर "देव तुझं भलं करो, बाळ" असंही अगदी पिकल्या म्हाताऱ्यासारखं म्हणून गेला.

सगळी ट्रामच चिखलाला निघालेली. खाऱ्या तळ्याकाठच्या काळ्या चिखलात अंग माखून घ्यायला शहरातली झाडून सगळी दुखरी हाडं शनिवारी तिकडे जातात: काठ्या, टॉवेल, थर्मास, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काकड्या. त्यांच्या मधोमध तो. तो सांगू शकला असता, की बाई गं, मी चिखलाला नाही चाललो, तळ्याशेजारच्या हॉस्टेलात आमचा फुटबॉल संघ उतरलाय, मी मिडफिल्डर आहे, आणि आज दुपारी तुझ्या घरातले सगळे पुरुष मला शिव्या घालायला स्टेडियमवर येणार आहेत. सांगायला काय हरकत होती? पण त्याच्या मनात आलं, ही पोरगी शहाणी दिसते. हिला दिसलं तेच खरं असेल तर? पस्तिशीच्या माणसाला कधी ना कधी कुणीतरी पहिल्यांदा जागा देणारच. पण तो दिवस नेमका आजचाच असायला हवा होता का?

कारण आज जिंकलं तर 'बंदर' पहिल्या लीगमध्ये जाणार होतं. क्लबचं खरं नाव लांबलचक आहे, पण सगळं शहर नुसतं 'बंदर' म्हणतं, जसं घरातल्याला लाडाच्या किंवा रागाच्या नावाने हाक मारतात. जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तरी पाहुणा संघ वर जाणार आणि आपण दुसऱ्या लीगमध्ये चिखल तुडवत राहणार. त्यासाठी गुरुवारपासून सगळ्या संघाला हॉस्टेलात कोंडून ठेवलेलं होतं. तुदोरेलला सकाळपुरती सुटी मिळाली ती पितरांच्या शनिवारामुळे. या दिवशी घरोघरी गेलेल्या माणसाच्या नावाने नव्या मातीच्या वाडग्यात दूधभात आणि वर चेरी घालून शेजाऱ्यांना वाटतात. त्याचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे. ते गेल्यापासून वाडगे पोचवायचं काम त्याचं. जिन्यावरच्या प्रत्येक दारात शेजारी वाडगा हातात घेत, बापाच्या आत्म्यासाठी दोन शब्द पुटपुटत, आणि त्याच श्वासात, वाडगा अजून ऊन असताना, म्हणत, "आज जरा पुढं दे रे चेंडू."

पुढं दे. हे दोन शब्द तो एकोणिसाव्या वर्षापासून ऐकत होता. शहराने त्याचं नावच झिंगा ठेवलं होतं. डॅन्यूबच्या गढूळ पाण्यातला झिंगा जसा धोका दिसला की शेपटीचा फटका मारून मागे पळतो, तसा हा, चेंडू मिळाला की मागे देतो. आणि देत होताच तो. त्याला दिसायचं तसं. चेंडू पायाशी यायच्या आधी तो मान वळवून खांद्यावरून मागे बघायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि त्या अर्ध्या क्षणात मैदान त्याला एखाद्या खोलीसारखं दिसायचं: पुढच्या दाराशी ही गर्दी, आणि मागचं दार सताड उघडं. पुढे मारणारे सगळे त्याला पुढच्या दाराशी रेटारेटी करणारे पाहुणे वाटायचे. त्याच्या गुडघ्यांबद्दल सगळे बोलायचे, पण खरं दुखायची ती मान. मिओआरा, त्याची बायको, रात्री तिथे तेल चोळताना म्हणायची, तुझ्या मानेला वेगळा पगार द्यायला पाहिजे.

एकोणिसाव्या वर्षी बुखारेस्टच्या मोठ्या क्लबाने त्याला उचललं होतं. गावाने बँड वाजवून गाडीत बसवलं. तिकडे पहिल्याच मॅचला त्याने गोलकीपरला चेंडू मागे दिला, बरोबर दिला, आणि अख्खं स्टेडियम हुर्यो उडवत शिट्ट्या मारायला लागलं. शिट्टीला वास असतो हे त्याला त्या दिवशी कळलं. ओल्या लोखंडाचा वास. दुसऱ्या वेळी चेंडू आला तेव्हा त्याने मान वळवली नाही. घाबरून पुढे मारला, तो गेला पाहुण्यांच्या पायात आणि तिथून गोलात. लोकांनी त्या पुढच्या चुकीला काहीच म्हटलं नाही. हळहळले फक्त. मागच्या बरोबर पासला शिट्ट्या आणि पुढच्या चुकीला हळहळ, हे गणित त्याला तेव्हा सुटलं नाही आणि आजही सुटत नव्हतं. वर्षभरात तो परत आला, स्टेशनवर बँड नव्हता, आणि तेव्हापासून बंदरासाठी खेळत राहिला, शिट्ट्यांतून, पावसातून चालावं तसा. आई मात्र खूश. ती कधी मॅचला आली नाही. तिचं घर स्टेडियमच्या मागच्याच गल्लीत. आज वाडगे भरताना ती म्हणाली होती, "मला चुलीपाशी सगळं कळतं. शिट्ट्या सुरू झाल्या की समजते, चेंडू माझ्या पोराकडं आहे, पोरगं उभं आहे, पाय मोडलेला नाही. शिट्ट्या थांबल्या की काळजी वाटते." त्यावर तो हसला होता. आता ट्राममध्ये हसू आलं नाही. कारण शिट्ट्या आज संध्याकाळनंतर थांबणार होत्या, आणि हे त्याने आईला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी हॉस्टेलच्या बोळात, जिथे भिंतीतूनही चिखलाचा नासक्या अंड्यासारखा वास येतो, मोकानु सरांनी त्याला बाजूला घेतलं होतं. व्हालेरियान मोकानु, संघाचे प्रशिक्षक, उन्हाळ्यातही तोच तपकिरी कोट, कारण त्या कोटात एकदा जिंकले होते. ते वाईट बोलले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की जिंकलो तर वरच्या लीगमध्ये पुढे पळणारे पाय लागतील, आणि हरलो तर, तूच सांग, काय उरलं. तेव्हा मॅच संपली की क्लबचे अध्यक्ष माईकवर तुझा निरोप जाहीर करतील, शहर टाळ्या वाजवेल, गोड शेवट होईल. तुदोरेल म्हणाला, "बरं." तो नेहमीच "बरं" म्हणायचा. बुखारेस्टने परत पाठवलं तेव्हाही बरं, पगार कापला तेव्हाही बरं. आणि आता एका पोरीने सीट दिली, तर बसला. "बरं"चाच तो प्रकार. ट्राम खाऱ्या तळ्याशी थांबली, म्हातारे एकमेकांना धरून उतरले, तोही उतरला, आणि काही पावलं त्यांच्याच लयीत चालत गेला. मग स्वतःच्या लक्षात येऊन दचकला.

दुपारी बस निघाली. आता मॅचला निघालेली बस मागे घ्यायची नाही, वीतभरसुद्धा नाही, हे तर धर्मगुरूही मानतो. पुढच्या पुढेच जायचं, मागे गेलं की नशीब उतरून जातं. ड्रायव्हर पांडेलेकाकांनी एकदा चुकलेलं वळण सुधारायला पुढच्या गावापर्यंत जाऊन चक्कर मारली होती, आणि त्यात कुणालाच काही चमत्कारिक वाटलं नव्हतं. तुदोरेललाही नाही. तोही मानायचा, उजवा पाय आधी टाकून बसमध्ये चढायचा, उगाच वाद कशाला. बसच्या खिडक्या बंद, कारण मोकानु सरांना वारा लागायची भीती, आणि आत पंचवीस माणसं आपापल्या घामात गप्प शिजत होती. पितरांच्या शनिवारची जत्रा मोठ्या रस्त्यावर उसळलेली, मातीच्या भांड्यांची दुकानं फुटपाथ सोडून रस्त्यात उतरलेली, म्हणून पांडेलेकाकांनी बस एका बोळात घातली. बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती. आणि बोळाच्या पुढच्या तोंडाशी बियरचा ट्रक, चाक निखळून आडवा पडलेला.

सगळे थांबले. ट्रकवाला म्हणाला, दुसरं चाक येतंय. कुठून येतंय ते त्याने सांगितलं नाही. मोकानु सर म्हणाले, थांबू. कुणीतरी चालत जाऊ म्हणालं, तर सर पांढरे पडले. बस सोडली तर नशीब बसमध्येच राहील ना. वेळ जात होता. वेळेत मैदानावर पोचलं नाही तर न खेळताच हार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी पंचवीस धट्टीकट्टी माणसं मांडीवर हात ठेवून ट्रककडे बघत बसली होती, कारण मागे जायचं नाही म्हणजे नाही. बोळातल्या खिडक्या उघडल्या. एका बाईने वरून पोरांना पाणी हवं का विचारलं, आणि दुसरीने तिला झापलं की घामात पाणी देऊ नको, खिडकी तर मुळीच उघडायला लावू नको, वारा लागेल. बनियनमधला एक माणूस सूर्यफुलाच्या बिया फोडत बसच्या कडेने आला, काचेतून आत निरखत निरखत तुदोरेलपाशी थांबला, टरफल थुंकलं आणि बोटाने काचेवर टकटक केलं. "अरे झिंग्या," तो म्हणाला, "तू काय बघत बसलायस? मागं न्यायचाच तर पगार घेतोस ना?"

बोळ हसला. बसमधलेही दोघे-तिघे हसले, मग सरांकडे बघून गप्प झाले. तुदोरेल मात्र हसण्याच्या आवाजापासून वाचायला म्हणून, निव्वळ सवयीने, मान वळवून मागे बघू लागला. आणि बघतच राहिला. मागच्या काचेतून सगळा बोळ दिसत होता, लांबच्या लांब, उन्हाने धुतलेला, रिकामा. एक मांजर सावकाश आडवं गेलं, तेवढंच. इतकी मोकळी जागा! बसमधले झाडून सगळे डोळे त्या आडव्या ट्रकला चिकटलेले आणि मागचं दार सताड उघडं. हे त्याने किती वेळा पाहिलं होतं, किती हजार वेळा. दर वेळी त्याला ते दिसलं होतं आणि दर वेळी तो खरा होता. ही गोष्ट त्याच्या अंगात पायांपासून वर चढत गेली, गरम पाण्यासारखी. मी खरा होतो. बुखारेस्टलाही खरा होतो. चूक तेव्हा झाली जेव्हा मी मान वळवली नाही. बस्स, एवढंच, एवढं साधं, आणि हे कळायला पस्तीस वर्षं आणि बियरचा एक ट्रक लागला. तो उठून उभा राहिला.

"पांडेलेकाका, मागं घ्या."

मोकानु सर वळलेसुद्धा नाहीत. "कारामान, खाली बस."

"बसलो तर इथंच हरलो, सर."

"आणि मागं घेऊन हरलो म्हणजे?"

"तर झिंग्यामुळं हरलो म्हणून सांगा. शहराला पटेल."

"लगेच पटेल," गोलकीपर लाझार म्हणाला, आणि कपाळापासून पोटापर्यंत क्रूस काढला. त्याच्यामागे सगळ्यांनी काढला, एकामागून एक, जणू सगळ्यांना देवळाच्या दारातच उभं केलंय. मोकानु सरांनी कोटाची बटणं लावली, सोडली, परत लावली. मग ते पुढच्या काचेला असं तोंड लावून उभे राहिले, की जणू यापुढे बसमध्ये जे होईल ते त्यांना दिसलेलंच नाही. तुदोरेलला ते पुरेसं होतं. पण पांडेलेकाकांनी गिअर टाकलाच नाही. ते हळूच म्हणाले, "मला मागचं येत नाही रे पोरा. इतकी वर्षं आरशात बघितलंच नाही मी."

"मला येतं," तुदोरेल म्हणाला. "मी सांगतो तसं वळवा."

तो मागच्या काचेपाशी गेला. डावीकडं, काका. अजून. आता सरळ. बस कण्हली आणि मागे सरकली. पोरांनी डोळे मिटले, कुणी चप्पल घट्ट धरली, वरच्या खिडकीतल्या बाईने "देवा, देवा" करत पडदा ओढला. आणि तो, मान वळवून, दुखऱ्या मानेने, एवढी मोठी बस, त्यात सगळं शहर, त्या बोळातून अलगद मागे काढत होता, आणि त्याला लहान मुलासारखं गुदगुल्यांचं हसू येत होतं.

ते वेळेत पोचले, पण बातमी त्यांच्या आधी पोचली. बनियनवाल्याने की कुणी, पण मैदानावर उतरले तेव्हा अख्ख्या स्टँडला ठाऊक होतं की झिंग्याने बस मागे घेतली. शिट्ट्या आजवर मारल्या नव्हत्या इतक्या. विसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून पाहुण्यांनी गोल मारला, तेव्हा तर लोकांनी गोलकीपरकडे बघितलंच नाही, डिफेंडरकडे बघितलं नाही, सगळे त्याच्याकडे वळले, आणि कुणीतरी ओरडलं, बसमध्येच बसून राहायचं होतंस. मध्यंतरात लाझार बूट बांधता बांधता म्हणाला, "खापर तर फुटलंच आहे तुझ्या डोक्यावर. आता मोकळेपणी खेळ." आणि गंमत अशी, की तो खरंच मोकळा झाला होता. भीती उरलीच नव्हती कशाची. ओल्या लोखंडाचा वास सगळीकडे होता आणि त्या वासाने त्याला, चक्क, भूक लागली.

उत्तरार्धात त्याने मागे दिला, आडवा दिला, परत मागे दिला. पाहुणे आधी हसले, मग त्यांची दमछाक व्हायला लागली, कारण मागे गेलेला चेंडू आणायला पुढे तर पळावं लागतं. एका फ्री किकवर आघाडीच्या उंच बोग्दानच्या डोक्याने बरोबरी साधली. पण बरोबरी म्हणजे हारच. शेवटची मिनिटं उरली, सगळं स्टेडियम उभं, सगळे एकच ओरडत होते, पुढं, पुढं मार, सरसुद्धा कोट काढून हातात फिरवत ओरडत होते, पुढं. चेंडू त्याच्याकडे आला. त्याने डाव्या खांद्यावरून बघितलं, उजव्या खांद्यावरून बघितलं. आणि चेंडू मागे दिला, लाझारला, पार आपल्या गोलापाशी.

शिट्ट्यांनी आभाळ फाटलं. पाहुण्यांना वाटलं, म्हातारा घाबरला, आणि ते सगळे, त्यांचे बचाववालेसुद्धा, चेंडूवर तुटून पडायला पुढे धावले. आधी तिघे, मग पाच, मग जवळजवळ सगळा संघ, पुढच्या दाराशी रेटारेटी करणारे पाहुणे. त्या धावत्या अंगांच्या मधून तो उलट दिशेने चालत गेला. पळाला नाही, चालत गेला. लाझारने एका टोल्यात चेंडू परत त्याच्या पायाशी टाकला. तुदोरेल वळला, आणि त्याच्यासमोर होतं ते सगळं मैदान, अर्धं शहर मावेल एवढं, हिरवं, रिकामं, कुणाचं नसलेलं. मग त्याने चेंडू पुढे दिला. आयुष्यभर साठवून ठेवलेलं सगळं "पुढे" त्या एका पासमध्ये गेलं. उंच नाही, गवताला चाटत, बोग्दानच्या बरोबर पुढच्या पावलासमोर. बोग्दानला फक्त पळत राहायचं होतं. स्टँडमध्ये लोकांच्या शिट्ट्या अजून ओठांतच होत्या, दोन बोटं तोंडात, आणि तिथल्या तिथेच त्यांचा आवाज फिरला, तीच फुंकर, तोच दम, पण आता ती आरोळी होती. गोल.

मग गोंधळ. शेवटची शिट्टी कुणी ऐकलीच नाही. लोक कुंपणावरून आत आले, लाझार गवतात पालथा पडून रडत होता, पांडेलेकाका मैदानभर फिरून प्रत्येकाला सांगत होते की मागे मी घेतली, मी. आणि मधल्या वर्तुळात अध्यक्ष माईक घेऊन उभे राहिले, गुरुवारी ठरल्याप्रमाणे. ते म्हणाले, आजच्या या सोन्याच्या दिवशी आपण आपल्या तुदोरेल कारामानला निरोप देत आहोत. एकदम शांत झालं. सगळं स्टेडियम गप्प. आणि ती शांतता इतकी गोड, इतकी भरलेली होती की तिच्यात "बरं" म्हणून बसून जाणं अगदी सोपं होतं. गुडघे वाकायच्या बेतात होते. तुदोरेलने हात पुढे केला आणि अध्यक्षांच्या हातातून माईक काढून घेतला. इतक्या वर्षांत शहराने त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. आधी नुसताच त्याचा श्वास ऐकू आला, स्टेडियमभर, नदीपर्यंत.

"मी कुठं जात नाही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्येही मी चेंडू मागंच देणार आहे. ज्याला बघवणार नाही त्यानं तेवढा वेळ बिया खाव्यात."

मग स्टँडमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी, म्हाताऱ्यांनी, बायकांनी, ज्यांना शिट्टी येत नव्हती त्यांनी नुसते गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून, कुणाचं लग्न असावं तशा शिट्ट्या. अध्यक्षांनी गोंधळून मोकानु सरांकडे पाहिलं. सरांनी आपल्या कोटाकडे पाहिलं, तो पार चुरगळला होता. ते तुदोरेलजवळ आले आणि त्याच्याकडे न बघता, गवताला सांगावं तसं म्हणाले, "सोमवारी सराव आहे. पळावं लागेल."

"पळतो की," तुदोरेल म्हणाला. आणि सोमवारची वाट न बघता तो पळत सुटला, दोन्ही हात पसरून, सरळ पुढे, जिथे शिट्ट्या सगळ्यात मोठ्या होत्या तिकडे.